रोटाची लस: भट्टीवर जाण्याआधी

जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि रोटाव्हायरसचे जुलाब नेमके थंडीतच बळावतात. म्हणून जाण्याआधीच बाळाला रोटाची लस द्या. ती तोंडावाटे देतात, सुई नाही. बाळ 6, 10 आणि 14 आठवड्यांचं असताना, पोलिओ-पेंटाव्हॅलंटसोबतच, सरकारी केंद्रात मोफत. महाराष्ट्रात ती 2019 पासून मिळते. डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेलेच घ्यायचे. पहिला डोस मात्र बाळ वर्षाचं होण्याआधी हवा.

लस घेतली म्हणून जुलाब होणारच नाहीत, असं नाही. रोटाच्या गंभीर जुलाबांचा धोका बराच कमी होतो. झालेच, तर ओआरएस द्या आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. सततच्या उलट्या, फुगलेलं पोट किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. गाव सोडताना लसीकरण कार्ड सोबत घ्या. उरलेला डोस भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही मिळतो.