जेवढे दिसते, तेवढाच वेग

विदर्भ हा उन्हाचा प्रदेश आणि धुक्याचे संकट दिल्ली-पंजाबचे, असे आपण धरून चालतो. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याला मात्र धुवारी, म्हणजे धुके, चांगली ठाऊक असते, कारण ती त्याच्या तुरीच्या फुलोऱ्यावर उतरते. वाहनचालकाची तिच्याशी तेवढी ओळख नसते. डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्याच पहाटा दाट धुक्याच्या असतात, त्यामुळे धुक्यात गाडी कशी चालवावी याविषयीचे बरेचसे ज्ञान ऐकीव असते. या ऐकीव सल्ल्यांत एक समान दोष आहे. धुक्यात अधिक दूरचे कसे दिसेल, याचीच युक्ती ते सांगतात आणि धुके तर अशा कोणत्याच युक्तीला दाद देत नाही. चालकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आत्ता जेवढे दिसते आहे, तेवढ्या अंतरात माझी गाडी थांबेल का?

गैरसमज: थंडी जितकी कडक तितके धुके दाट, आणि सूर्य उगवला की धोका संपला.

वस्तुस्थिती: नुसत्या थंडीने धुके पडत नाही. आपल्याकडचे हिवाळी धुके तयार व्हायला निरभ्र आकाश, जवळजवळ पडलेला वारा आणि जमिनीलगतच्या हवेत भरपूर ओलावा या तिन्ही गोष्टी लागतात. रात्री जमीन उष्णता सोडून गार होते, तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत निवते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हवा कोरडी असेल तर पारा बराच उतरूनही समोरचे स्वच्छ दिसते. उलट अवकाळी पाऊस होऊन आकाश मोकळे झाले, की बेताच्या थंडीतही धुके दाटते. आष्टीच्या परिसरात हा ओलावा अनेक वाटांनी मिळतो: वर्धा नदी, अप्पर वर्धा धरणाचे पाणी, ओलित केलेला गहू-हरभरा आणि संत्र्याच्या बागा. म्हणून इथले धुके सगळीकडे सारखे नसते. गावाजवळ रस्ता मोकळा दिसतो आणि पुढच्या नाल्याच्या सखल भागात गाडी एकाएकी पांढऱ्या भिंतीत शिरते. सूर्योदयाचे म्हणाल, तर उजाडल्यावर दव वर उठू लागते, हवेत किंचित हालचाल सुरू होते आणि काही वेळा धुके आधीपेक्षा दाट होते. तेव्हा ‘उजाडले, आता निघू’ हा हिशेब दर वेळी बरोबर येत नाही.

गैरसमज: अप्पर लावला की दूरचे दिसते, आणि पिवळा दिवा धुके भेदतो.

वस्तुस्थिती: धुक्याचा प्रत्येक थेंब प्रकाश चहूकडे विखुरतो. अप्परचा झोत सरळ आणि उंच जातो, त्यातला बराच प्रकाश थेंबांवरून फिरून चालकाच्याच डोळ्यांवर येतो आणि समोर उजळ पांढरा पडदा उभा राहतो. डिप्परचा प्रकाश खाली, रस्त्यावर पडतो, म्हणून धुक्यात डिप्परच योग्य. पिवळ्या दिव्याबद्दलची समजूत जुनी आहे. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत निळा प्रकाश अधिक विखुरतो हे खरे, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. ‘मग फॉग लॅम्पचा फायदा कसा जाणवतो?’ असा आक्षेप कोणी घेईल. तो फायदा खरा आहे, पण रंगामुळे नव्हे. हे दिवे बंपरजवळ खाली बसवलेले असतात, त्यांचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो, त्यामुळे रस्त्याची कड दिसते. त्यांनी दिसते तेही जवळचेच. त्या भरवशावर वेग वाढवला, तर दिव्याचा फायदा तिथेच संपतो.

गैरसमज: रस्ता पाठ आहे, हात बसलेला आहे, वेगाचा अंदाज आपोआप येतो.

वस्तुस्थिती: वेगाचा अंदाज डोळे आजूबाजूच्या गोष्टी मागे सरकताना पाहून बांधतात आणि धुके नेमक्या त्याच गोष्टी पुसून टाकते. १९९८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कृत्रिम धुक्याच्या दृश्यात लोकांना आपला वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटला आणि त्यांनी गाडी अधिक जोरात चालवली. २०१२ मध्ये ‘ईलाइफ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अंतराबरोबर दाट होत जाणारे, म्हणजे खऱ्यासारखे धुके वापरले, तेव्हा उलट निष्कर्ष आला: लोकांना वेग जास्त वाटला आणि ते हळू झाले. यावरून ‘मग निसर्गच आपल्याला सावध करतो’ असे म्हणता येईल, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. दोन्ही प्रयोगांत डोळ्यांचा अंदाज चुकला, फक्त चुकीची दिशा बदलली. म्हणून नजर वेगाच्या काट्यावर ठेवावी आणि साधे गणित करावे. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि रस्ता दवाने ओला असेल, तर कार ताशी ४० किलोमीटर वेगाने सुमारे ३० मीटरमध्ये, ६० ने ५०-५५ मीटरमध्ये आणि ८० ने ८०-८५ मीटरमध्ये थांबते. भरलेल्या ट्रकला याहून अधिक अंतर लागते. हवामान खात्याच्या वर्गीकरणात दृश्यमानता २०० मीटरच्या खाली आली की दाट धुके आणि ५० मीटरच्या खाली आली की अतिदाट धुके मानतात. म्हणजे अतिदाट धुक्यात ६० चा वेगही परवडत नाही. समोरून ओव्हरटेक करणारे वाहन आपल्याच बाजूला आले, तर दिसणाऱ्या अंतरातले निम्मेच आपल्या वाट्याला येते. रस्ता पाठ असला तरी पहाटे त्यावर उभी असलेली बैलगाडी किंवा दिवा नसलेली ट्रॉली पाठ नसते.

गैरसमज: पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून चालावे आणि चारही इंडिकेटर लावावेत.

वस्तुस्थिती: पुढचा दिवा हरवू नये म्हणून चालक नकळत अंतर कमी करतो. मग पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याला जागाच उरत नाही, आणि पुढचा ट्रक रस्ता सोडून खाली गेला तर मागचाही त्याच्यामागे जातो. वाट धरायची ती डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीची. मधली पट्टी धरली तर गाडी समोरच्या वाहनांकडे ओढली जाते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लागले की ती उभी आहे की चालती, हे मागच्याला कळत नाही आणि वळण्याची खूणही देता येत नाही. ते बंद पडलेल्या गाडीसाठी राखावेत. काचेवर आतून वाफ धरली तर फडक्याने पुसत बसण्यापेक्षा एसी सुरू ठेवून गरम हवा काचेवर सोडावी. एसी हवेतला ओलावा काढतो आणि काच लवकर स्वच्छ होते.

‘हळू चाललो तर मागचा येऊन आदळेल’ हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. पण त्यावरचा उपाय वेग वाढवणे हा नाही, मागच्याला वेळेत दिसणे हा आहे. चालू असलेले मागचे दिवे, पुसलेले रिफ्लेक्टर आणि ट्रॉलीला चिकटवलेली रेडियमची पट्टी हे काम थोड्या खर्चात करतात. थांबायचेच असेल तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात पूर्ण आत थांबावे. दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे: आष्टीची संत्री तळेगावमार्गे नागपूरच्या कळमना बाजारात वेळेवर पोहोचली नाहीत तर भाव हुकतो. ही अडचण खरी आहे, म्हणूनच ती एकट्या चालकावर ढकलू नये. यमुना एक्स्प्रेसवेवर अलीकडच्या हिवाळ्यांत कारची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणली जाते, म्हणजे धुक्याचा उशीर तिथे व्यवस्थाच गृहीत धरते. तसेच माल भरणाऱ्या व्यापाऱ्याने, गाडीमालकाने आणि बाजार समितीने धुक्याच्या दिवसांत तास-दोन तासांची सवलत आधीच ठरवून ठेवावी. चालकाने आपल्यापुरता एकच नियम पाळावा: दिसणाऱ्या अंतरात गाडी थांबत नसेल तर वेग कमी करावा, आणि तेवढा कमी करणेही जमत नसेल तर धुके विरेपर्यंत निघूच नये.