कडबा, ढेप आणि कोटीपोट : खानदेशातील पशुआहाराचे शास्त्र

भुसावळ परिसरातील तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस, केळी, मका, हरभरा आणि रब्बीतील दादर ज्वारी ही पिके माणसाच्या गरजेसाठी घेतली जात असली, तरी त्यांचा मोठा वाटा अखेरीस गुरांच्या गव्हाणीत पोहोचतो. दादरचे दाणे भाकरीसाठी निघाले की मागे कडबा उरतो, कापसातून रुई वेगळी झाली की सरकी आणि तेल गाळल्यावर तिची ढेप मिळते, हरभरा व तुरीच्या मळणीतून कुटार निघते आणि जळगावच्या डाळमिलांतून चुनी बाहेर पडते. यांपैकी कोणताही एक पदार्थ जनावराचा पूर्ण आहार होऊ शकत नाही. एकात तंतू भरपूर पण प्रथिने नगण्य, दुसऱ्यात प्रथिने भरपूर पण ऊर्जा बेताची, असे प्रत्येकाचे वेगळे उणे-अधिक असते. त्यांचा मेळ कसा घालावा, हे समजण्यासाठी रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाची रचना आधी लक्षात घ्यावी लागते.

पोटातील सूक्ष्मजीवांचे काम

गाय-म्हशीच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट होय. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पदार्थ मावतो आणि त्यात प्राणवायूविना जगणारे असंख्य जिवाणू, आदिजीव व बुरशी वास करतात. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज हा तंतुमय घटक पचविणारे विकर गाईच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. ते काम हे सूक्ष्मजीव करतात आणि त्या किण्वनातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील मेदाम्ले तयार होतात. जनावराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 70 टक्के ऊर्जा याच आम्लांतून मिळते. त्यांतील ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांश बनतो, तर प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतात ग्लुकोज आणि त्यातून दुधातील शर्करा तयार होते. म्हणूनच कडबा कमी करून नुसता खुराक वाढविला, तर दुधाची फॅट घसरते.

खुराकाचा असा अतिरेक झाला की कोटीपोटातील आम्लता वाढते. तंतुमय वैरण चघळताना आणि रवंथ करताना स्रवणारी लाळ, जी मोठ्या गाईत दिवसाला शंभर लिटरहून अधिक असू शकते, आपल्यातील सोडियम बायकार्बोनेटमुळे ही आम्लता आटोक्यात ठेवते. वैरणीचे महत्त्व त्यामुळे केवळ पोट भरण्यापुरते नसून पचनाचा समतोल राखण्याचेही आहे.

कडब्याची मर्यादा आणि तिच्यावरील उपाय

ज्वारीच्या वाळलेल्या ताटाला चीर दिली, तर बाहेर कठीण, चकचकीत साल आणि आत हलका, स्पंजासारखा गाभा दिसतो. सालीच्या कठीणपणामागे लिग्निन हे द्रव्य असते, ते सेल्युलोजला घट्ट बांधून ठेवते आणि सूक्ष्मजीवांना त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही. कडब्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के असतात, तर कोटीपोटातील जिवाणूंची वाढ नीट होण्यासाठी आहारात किमान 7 टक्के प्रथिने आवश्यक मानली जातात. नायट्रोजन न मिळाल्यास जिवाणूंची संख्या घटते, चारा पोटात पडून राहतो आणि गव्हाण भरलेली असूनही जनावर खंगत जाते.

कडब्याची कुट्टी केल्याने नासाडी थांबते. निकृष्ट वैरणीवर युरियाची प्रक्रिया केल्यास तिची पचनीयताही वाढते. त्यासाठी 100 किलो वाळल्या वैरणीवर सुमारे 50 लिटर पाण्यात विरघळविलेला 4 किलो युरिया थर देत सारखा शिंपडून ढीग दाबावा आणि प्लास्टिकने हवाबंद करून 21 दिवस झाकून ठेवावा लागतो. या काळात युरियापासून निघणारा अमोनिया लिग्निनचे बंध सैल करतो आणि वैरणीत नायट्रोजनही मुरतो. युरिया थेट खाण्यात आल्यास प्राणघातक ठरत असल्याने मात्रेत चूक होऊ देऊ नये आणि सहा महिन्यांखालील वासरांना अशी वैरण घालू नये.

सरकी ढेप, चुनी आणि हिरवी वैरण

टरफलासह गाळलेल्या सरकी ढेपेत साधारण 20 ते 23 टक्के, तर भुईमुगाच्या ढेपेत 40 टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. मात्र ढेपेतील नायट्रोजनाचा उपयोग करून घेण्यासाठी जिवाणूंना त्याच वेळी ऊर्जाही लागते. मक्याचा भरडा, गूळ किंवा मळी यांसारखा ऊर्जेचा स्रोत सोबत नसेल, तर जादा अमोनिया रक्तातून यकृतात जाऊन युरियाच्या रूपात मूत्रावाटे बाहेर पडतो आणि महागडी ढेप वाया जाते. सरकीत गॉसिपॉल हे पिवळसर विषारी रंगद्रव्यही असते. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, पण कोटीपोट विकसित न झालेल्या वासरांना, तसेच कोंबड्यांना ते बाधते.

हिरव्या वैरणीतून अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य असलेले कॅरोटीन मिळते. लसूणघासाच्या शुष्क भागात, म्हणजे पाणी वजा जाता उरणाऱ्या पदार्थात, 18 ते 20 टक्के प्रथिने असतात, तर मका ऊर्जा पुरवितो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका मुरघासासाठीही चांगला आहे. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत धुरीन हे द्रव्य असते आणि ते खाल्ल्यावर पोटात हायड्रोसायनिक आम्ल मुक्त होऊन जनावर काही मिनिटांत दगावू शकते, म्हणून हिरवी ज्वारी पीक फुलोऱ्यावर आल्यानंतरच कापावी.

केळीचे घड उतरविल्यावर शिल्लक राहणारे खोड या भागात मुबलक असते. ताजे खोड कापले की पाकळ्यांसारख्या एकमेकांत बसलेल्या पानदेठांच्या पोकळ्यांतून पाणी ठिबकू लागते. त्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणी आणि अत्यल्प प्रथिने असतात. निव्वळ खोडावर जनावर पोसता येत नाही, परंतु चाराटंचाईत ते चिरून, सुकवून आणि कडबा-कुटारात मिसळून दिले, तर पूरक वैरण म्हणून उपयोगी पडते.

प्रमाण, खनिजे आणि साठवण

दुभत्या जनावराला वजनाच्या साधारण 3 टक्के शुष्क पदार्थ लागतो. 400 किलो वजनाच्या आणि दिवसाला 10 लिटर दूध देणाऱ्या गाईसाठी ही गरज 12 किलोची होते आणि ती 20 किलो हिरवा मका, 4 किलो कडबा व 5 किलो खुराक यांतून भागते. त्या खुराकातील 1 किलो शरीरपोषणासाठी आणि दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम, असा हिशेब असतो. दर लिटर दुधातून सुमारे 1.2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. ही झीज भरून काढण्यासाठी रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण देणे गरजेचे आहे. पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या भुसावळच्या उन्हाळ्यात जनावरांची भूक मंदावते, तेव्हा वैरण पहाटे व रात्री घालणे आणि सावलीत थंड पाणी सतत उपलब्ध ठेवणे हाही आहाराचाच भाग ठरतो.

1960 मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे मेले आणि त्याच्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ओलसर ढेपेत वाढणाऱ्या बुरशीचे हे विष जनावराच्या शरीरात रूपांतरित होऊन दुधात उतरते; भारतात दुधातील त्याची कमाल मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवलेली आहे. म्हणून ढेपेची पोती जमिनीला व भिंतीला न टेकविता फळ्यांवर रचावीत आणि बुरशी लागलेली ढेप जनावरांना मुळीच घालू नये.

दूध उत्पादनाच्या एकूण खर्चात आहाराचाच वाटा सर्वांत मोठा असतो. कडबा, कुटार, चुनी आणि ढेप ही चांगली सामग्री खानदेशाच्या शेतशिवारात व गिरण्यांत तयार आहे. तिच्यात खनिज मिश्रणाची भर घातली, खरिपातील मक्याचा मुरघास उन्हाळ्यासाठी राखला आणि दर जनावराचे वजन व दूध पाहून प्रमाण ठरविले, तर आज मूत्रावाटे आणि उष्टावळीत वाया जाणारा पैसा लहान पशुपालकाच्या हाती राहील.