अडकलेलं डाउनलोड आणि जुन्या कॉम्प्युटरवरचा आळ

टॉरेंटवरून घेतलेली मोठी फाइल साठ-सत्तर टक्क्यांवर येऊन थांबली आणि आकडा हलेनासा झाला, की खापर बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या वयावर फुटतं. यंत्र दहा-पंधरा वर्षांचं असेल तर निकाल आणखी लवकर लागतो: याला आता झेपत नाही, नवीन घ्यायला हवं. हा निकाल पुरावा न तपासताच दिलेला असतो. फाइल-शेअरिंगचं काम कसं चालतं ते पाहिलं, तर त्याला लागणारी ताकद जुन्या यंत्रातही पुरेशी असल्याचं दिसतं. वय आड येतं, पण वेगळ्या वाटेने. नेटवर्कची रचना, फाइल साठवण्याची पद्धत आणि सुरक्षिततेचे नियम पुढे सरकलेले असतात. जुन्या यंत्रातल्या काही सेटिंग्ज आणि काही सुटे भाग मात्र मागच्या काळातच राहिलेले असतात. ताकद कमी पडणं आणि काळाशी मेळ सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर पैसा हाच उपाय असतो. दुसरीवर अनेकदा एखादी सेटिंग किंवा एखादा छोटा सेल पुरतो.

आधी कामाचं स्वरूप पाहू. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटॉरेंट ही पद्धत आणली. सगळ्यांनी एकाच सर्व्हरवरून फाइल ओढण्याऐवजी तिचे तुकडे करायचे, साधारण २५६ किलोबाइटपासून काही मेगाबाइटपर्यंतचे, आणि ज्याच्याकडे जो तुकडा आहे त्याने तो इतरांना द्यायचा, अशी ही देवघेव आहे. पूर्ण फाइल असलेले ते सीडर. बाकी सगळे घेता घेता देणारे. प्रत्येक तुकड्याची एक गणिती खूण टॉरेंट फाइलमध्ये आधीच नोंदलेली असते. तुकडा आला की कॉम्प्युटर ती खूण नव्याने काढून ताडून पाहतो आणि जुळली नाही तर तुकडा फेकून पुन्हा मागवतो. प्रोसेसरचं खरं काम एवढंच. एक बाइट म्हणजे आठ बिट, त्यामुळे १०० मेगाबिटचं ब्रॉडबँड पूर्ण वेगाने चाललं तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच येतात. २०१० च्या सुमाराचा साधा प्रोसेसरही एवढी पडताळणी सहज करतो, आणि त्या काळची चांगल्या स्थितीतली हार्ड डिस्क सलग लिहिताना याच्या कितीतरी पुढे जाते. मुळात ही पद्धत २००१ मधल्या घरगुती कॉम्प्युटरांसाठीच तयार झाली होती. आणखी एक तर्क इथे महत्त्वाचा आहे. अशक्त यंत्र काम हळू करतं, पण करत राहतं. डाउनलोड पूर्ण थांबतं तेव्हा बहुधा एखादी अट पुरी झालेली नसते, आणि ती अट कोणती हे शोधता येतं.

हा शोध यंत्राच्या बाहेरून सुरू करावा, कारण सर्वांत जास्त वेळा कारण तिथेच सापडतं. टॉरेंटच्या प्रोग्राममध्ये उपलब्धतेचा एक आकडा दिसतो. जोडलेल्या सर्व लोकांकडचे तुकडे एकत्र केले तर फाइलच्या किती पूर्ण प्रती होतात, हे तो सांगतो. हा आकडा १ पेक्षा कमी असेल तर निदान जोडलेल्यांपैकी तरी कोणाकडे राहिलेले तुकडे नाहीत. मग कॉम्प्युटर कालचा असो की दहा वर्षांपूर्वीचा, डाउनलोड तिथेच थांबणार. क्यूबिटटॉरेंटसारखा प्रोग्राम ‘स्टॉल्ड’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काम चालू आहे पण डेटा येत नाही एवढाच असतो; त्यात यंत्रावर आरोप नसतो. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेली मराठी पुस्तकंही टॉरेंटने घेता येतात. तिथे बरेचदा अर्काइव्हचे स्वतःचे सर्व्हरच सीडरचं काम करतात. मात्र पुस्तकाच्या नोंदीत नंतर काही बदललं की जुन्या टॉरेंट फाइलमधल्या खुणा जुळेनाशा होतात आणि डाउनलोड अगदी शेवटाशी येऊन अडकतं. तिथे नवीन टॉरेंट फाइल घेणं हाच उपाय. यंत्र निर्दोष आहे का हे ठरवणारी एक सोपी चाचणीही आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींची अधिकृत टॉरेंट फाइल लावून पाहावी. तिला सीडर भरपूर असतात. ती वेगाने उतरली तर कॉम्प्युटर, राउटर आणि कनेक्शन तिघंही सुटले. दोष बहुधा मूळ फाइलच्या उपलब्धतेत आहे.

तीही अडकली तर पुढचा संशयित नेटवर्क. आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्याने अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहोत. मग आपण बाहेर जोडणी करू शकतो, पण बाहेरच्याला आपल्याकडे थेट जोडणी करता येत नाही. दोन्ही बाजू अशाच असतील तर त्यांची गाठ पडणं कठीण होतं, आणि मोजकेच सीडर असलेल्या फाइलींना याचा फटका बसतो. राउटरमध्ये पोर्ट उघडून इथे उपयोग नाही. आयपीव्ही६ चालू करून होऊ शकतो. दुसरी अडचण लोक स्वतःच ओढवून घेतात. ही पद्धत देणाऱ्याला झुकतं माप देते: जो परत काही देतो त्याला इतर लोक आधी तुकडे देतात. डेटा वाचवण्यासाठी अपलोड जवळजवळ शून्यावर आणलं की आपण रांगेत मागे जातो. उलट अपलोड मोकाट सोडलं तर ते कनेक्शनची जाण्याची वाट भरून टाकतं, ‘मिळालं’ अशा पोचपावत्या अडकतात आणि डाउनलोडच मंदावतं. उपलब्ध अपलोडच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास मर्यादा ठेवणं हा मधला मार्ग. जुन्या राउटरची स्मरणशक्तीही थोडी असते. शेकडो जोडण्या एकदम उघडल्या की तो गुदमरतो आणि घरातलं सगळं इंटरनेट बंद पडल्यासारखं वाटतं. एकूण जोडण्यांची कमाल संख्या शंभर-दीडशेवर आणली की फरक पडतो.

आता वयाचा खरा भाग. विंडोज एक्सपीच्या २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ ने एका वेळी अर्धवट राहिलेल्या जोडण्यांची संख्या दहावर बांधली, ती व्हायरसचा फैलाव रोखण्यासाठी. अनेकांकडे एकाच वेळी हात पुढे करणाऱ्या टॉरेंटला ही वेसण जाचक ठरली. विंडोज ७ मध्ये ती उरली नाही. दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला की कॉम्प्युटर बंद असताना तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर कित्येक वर्षं मागची तारीख दाखवतो. सुरक्षित जोडणी वापरणाऱ्या ट्रॅकरचं, म्हणजे कोणाकडे काय आहे याची यादी देणाऱ्या सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या तारखेला अवैध ठरतं आणि जोडणी नाकारली जाते. तारीख बरोबर असूनही हे घडू शकतं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मोठ्या मोफत प्रमाणपत्र सेवेचं जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा अपडेट न झालेल्या अनेक यंत्रांवर चांगल्या साइट्सही उघडेनाशा झाल्या होत्या. तिसरं, डिस्कची रचना. जुन्या पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क बरेचदा फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतही पोचू शकत नाही, तिची हद्द एका बाइटने अलीकडे संपते. डीव्हीडीएवढी फाइल अशा जागी घेतली तर चाळीस जीबी मोकळे असूनही लिहिणं थांबतं. चौथं, हार्ड डिस्कची जोडणी. एक्सपीमध्ये डिस्कशी बोलताना एकूण सहा चुका नोंदल्या गेल्या की प्रणाली आपणहून संथ पद्धतीकडे उतरू लागते आणि पुढे प्रत्येक मेगाबाइटसाठी प्रोसेसर राबत राहतो. तिथे यंत्र म्हातारं झाल्याचा भास होतो, पण कारण अनेकदा सैल झालेली केबल असते. आणि आलेले तुकडे वारंवार नापास होत असतील, तेही वेगवेगळ्या टॉरेंटमध्ये, तर रॅम सदोष आहे का ते मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामने पाहावं.

या साऱ्याला पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो वजनदार आहे. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. अपडेट बंद झालेली प्रणाली अनोळखी लोकांशी शेकडो जोडण्या करत असेल तर धोका खरा आहे, आणि अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करूच नयेत. पण हा दोष प्रणालीचा आहे, यंत्राचा नाही. त्याच यंत्रावर लुबुंटूसारखं हलकं, चालू आधार असलेलं लिनक्स बसवलं तर वर सांगितलेल्या अडचणींपैकी जोडण्यांची मर्यादा आणि जुनी प्रमाणपत्रं आपोआप सुटतात. याला सीमाही आहे: ३२ बिटच्या प्रोसेसरसाठी वाट अरुंद होत चालली आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. दुसरा आक्षेप असा की टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे. तो गैरवापर मोठा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि घेताना आपण इतरांना देतही असल्यामुळे कॉपीराइट असलेली फाइल उतरवणारा नकळत तिचा वितरकही होतो. मात्र लिनक्सच्या प्रणाली, लिब्रेऑफिस आणि इंटरनेट अर्काइव्ह हीच पद्धत उघडपणे वापरतात, आणि तिथे अडकलेलं डाउनलोड सोडवणं हा पूर्णपणे वैध प्रश्न आहे. तिसरा आक्षेप कंपन्यांवर बोट ठेवतो: इंटरनेट देणारेच टॉरेंट अडवत असतील तर आपण काय करणार? असं घडलेलं आहे. अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट ही कंपनी टॉरेंटच्या जोडण्या मध्येच तोडत असल्याचं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने चाचणी करून दाखवलं. भारतात २०१८ मध्ये सरकारने नेट समानतेची तत्त्वं स्वीकारली. तरीही शंका असेल तर तीच फाइल, त्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्या कनेक्शनवरून लावून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच उत्तराला अर्थ राहतो.

एवढी खटपट कशाला, नवीन यंत्रच घ्यावं, हा शेवटचा आक्षेप बहुतेकांच्या मनात असतो. त्याचं उत्तर कारणांच्या यादीतच आहे. सीडर नसणं, सामायिक पत्ता, गुदमरणारा राउटर आणि चुकीची अपलोड मर्यादा ही कारणं नव्या यंत्राबरोबरही तशीच राहतात. पैसे जातात आणि डाउनलोड अडकलेलंच राहतं. तारीख, फॅट ३२ आणि सैल केबल यांना खर्च जवळजवळ नाही. नवीन यंत्र घेणं योग्य ठरतं ते भरपूर सीडर असलेली फाइल, चांगलं कनेक्शन, आधार चालू असलेली प्रणाली आणि धडधाकट डिस्क असूनही काम होत नाही तेव्हा, किंवा मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही खर्चाबाहेर बिघडलेले असतात तेव्हा. गावातल्या शाळा, वाचनालयं आणि छोटी कार्यालयं यांच्याकडे अशी कितीतरी यंत्रं धूळ खात पडलेली असतात. त्यांना निकालात काढण्याआधी वरच्या चाचण्यांना एक संध्याकाळ दिली, तर त्यातली काही पुन्हा कामाला लागतील, आणि जी लागणार नाहीत ती का लागत नाहीत हे निदान कारणासकट कळेल.