काट्यावरची पटकथा

दिवाळी झाली की आमच्या साकोलीच्या आसपास गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक ठरलेलं. वडशाच्या नाटक कंपन्या येतात, रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. मी सिनेमाची पटकथा लिहायला शिकतोय, त्यामुळे नट सोडून प्रॉम्प्टरकडेच लक्ष ठेवतो. आमच्या या झाडीपट्टीत तालमी कमी आणि प्रयोग जास्त. म्हणून हा माणूस अख्खं नाटक वाचून देत असतो. त्याच्या वहीत नुसते संवाद. मागच्या म्हातारीपर्यंत पोचावं म्हणून नट ते खणखणीत फेकतात, आणि रडायचं असलं की का रडतो तेही सांगूनच रडतात. याला कुणी नाकं मुरडू नयेत. थंडीत चादरी गुंडाळून आलेलं गाव पहाटेपर्यंत बसवून ठेवणं कुठल्या मल्टिप्लेक्सला जमलंय?

पण पटकथेला हीच सगळं बोलून सांगायची सवय नडते. गावातल्या दूध सोसायटीवरचा ‘मंथन’ (१९७६) हा सिनेमा मी पुन्हा पुन्हा बघतो तो यासाठी. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे. म्हणजे नाटकातला एवढा मोठा संवादलेखक इथे संवाद दुसऱ्यावर सोपवून बाजूला झाला, आणि पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला! मग त्याने लिहिलं काय? कोण कुणाआधी दूध घालतं, कोण रांगेत कुठे उभं राहतं, पैसे कुणाच्या हातात पडतात, हे. आवाज बंद करून सिनेमा बघितला की ते कळतं.

माझ्या पटकथेतला बाप धान विकायला जातो. आधी या प्रसंगात बाप-लेक अडीच पानं कर्जाबद्दल बोलत होते. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. एवढा वेळ कुणी ऐकत नाही. मग मी धान खरेदी केंद्रावर जाऊन बसू लागलो.

तिथे बोलणं फार थोडं. शेतकरी आधी एक दाणा दाताखाली धरतो. कट्कन वाजला की धान वाळलं. मग ग्रेडर मूठभर धान ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. सतरा टक्क्यांच्या आत आकडा आला तर माल काट्यावर, वर गेला तर परत. साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, पण तो आकडा अठरावर अडकलेल्या माणसाच्या कामाचा नाही. एकाचं असंच झालं. त्याने वाद घातला नाही. चाळीस-चाळीस किलोचे शिवलेले कट्टे उसवले, ताडपत्रीवर ओतले आणि चप्पल काढून पायाने धानात तास ओढत फिरू लागला, म्हणजे खालचं वर यावं. ऊन कललं तसं दव पडायच्या आत सगळं गोळा करून झाकलं. पोरगा सुतळी धरून उभा. परत शिवायला ती सुतळी पुरली नाही, तेव्हा बापाने खिशातून दुसरी काढली. म्हणजे माल परत येणार हे त्याने घरूनच धरलं होतं!

माझा प्रसंग आता पाऊण पानाचा आहे. संवाद एकच, तोही ग्रेडरचा: ‘अठरा.’ कर्जाचा उल्लेख उरलेला नाही, खिशातली सुतळी आहे.

बाकी पटकथेत जे थोडे संवाद उरले ते आमच्या झाडीबोलीत हवेत. विदर्भातलं पात्र म्हटलं की सिनेमावाले सरसकट वऱ्हाडी देतात, ते आमच्या कानाला खटकतं. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. ‘पाणी’ इथे ‘पानी’च. या बोलीचे आणि दंडार या लोकनाट्याचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर साकोलीचेच, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांसाठी मला मुंबईला जावं लागलं नाही. मुंबईशी काम पडेल ते स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवताना, आणि तेही ऑनलाइन होतं.

पुढचा प्रसंग राईस मिलमध्ये घडतो आणि तिथेच मी अडलोय. भरडाई चालू असताना आत कोपऱ्यात एक दिवस बसू द्यावं, एवढंच मागणं आहे. पण वही-पेन घेऊन आलेला माणूस पत्रकार असणार, असं मिलवाल्यांना वाटतं. साकोली, लाखनी किंवा लाखांदूरकडे कुणा वाचकाची मिलमध्ये ओळख असेल तर शब्द टाकावा. वही बाहेर ठेवायला माझी तयारी आहे.