टॅकोग्राफ हिशेब कुणाकडे मागतो?

युरोपातल्या ट्रक-बसमधला डिजिटल टॅकोग्राफ म्हणजे चालकावर पाळत ठेवण्याचे यंत्र, हा या उपकरणाबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज. चालकाने किती तास गाडी चालवावी ही मर्यादा यंत्राने घातलेली नाही, ती कायद्याची आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तासांपर्यंत सवलत. आठवड्याला ५६ तास, पण सलग दोन आठवड्यांचे मिळून ९०. म्हणजे एक आठवडा ५६ पर्यंत ताणला, तर पुढच्या आठवड्यात ३४ तासच उरतात. काही अपवाद सोडले तर ३.५ टनांवरील मालट्रक आणि चालक धरून नऊहून अधिक आसनांच्या बस यांना हे बंधनकारक आहे. टॅकोग्राफ या तासांची नोंद ठेवतो. कागदी चकतीवर सुईने रेघ ओढणारा जुना टॅकोग्राफही तेच करत होता. १ मे २००६ पासून नव्या गाड्यांमध्ये चकतीच्या जागी चालकाचे चिपवाले कार्ड आले.

ही नोंद खरा जाब विचारते तो गाडीचे वेळापत्रक आखणाऱ्याला, असे माझे ठाम मत आहे, आणि नियमाचा मजकूरच ते सांगतो. मर्यादा पाळता येतील अशा रीतीने काम आखणे ही कंपनीची जबाबदारी आहे. किती अंतर कापले किंवा माल किती लवकर पोहोचवला यावर, सुरक्षितता धोक्यात येईल असा बोनस देण्यास मनाई आहे. चालकाच्या कार्डावरची नोंद निदान दर २८ दिवसांनी आणि गाडीतल्या यंत्रातली दर ९० दिवसांनी उतरवून घ्यावीच लागते. यावर मालक म्हणतात, नियम मोडतो चालक आणि भुर्दंड आम्हाला का? तक्रार अगदीच चुकीची नाही. म्हणूनच कंपनीला आपली बाजू पुराव्यानिशी मांडायला जागा ठेवलेली आहे. पण एकाच मार्गावर वेगवेगळे चालक पुन्हा पुन्हा मर्यादेबाहेर जात असतील, तर दोष चालकांचा नाही, त्या फेरीला दिलेल्या वेळेचा आहे. ‘एवढ्या वेळात पोहोचणे शक्यच नाही’ असे सांगणाऱ्या चालकाच्या हाती आता पुरावा असतो.

‘गाडीला जीपीएस आहे, मग हे कशाला?’ हा प्रश्न नेहमीचा. जीपीएस गाडीच्या मागे जातो, टॅकोग्राफ माणसाच्या. चालकाने सकाळी एक ट्रक चालवला आणि दुपारी दुसरा, तर दोन्ही गाड्यांचे जीपीएस आपापल्या जागी निर्दोष दिसतील. कार्ड मात्र दोन्ही फेऱ्यांचे तास एकत्र जोडते. शिवाय गाडी उभी आहे म्हणजे चालक विश्रांती घेतो आहे, हेही खरे नाही. टॅकोग्राफवर चार चिन्हे असतात: चालवण्यासाठी स्टिअरिंग, इतर कामासाठी एकमेकांना छेदणारे हातोडे, थांबून वाट पाहण्यासाठी तिरपी रेघ असलेला चौकोन आणि विश्रांतीसाठी पलंग. गाडी थांबली की यंत्र सहसा ‘इतर काम’ धरते. पलंगाचे चिन्ह निवडायला चालक विसरला, तर त्याची जेवणाची सुट्टी कामात जमा होते.

सर्वाधिक गोंधळ याच सुट्टीचा. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची सुट्टी हवी आणि ती दोन भागांत घेता येते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण मालट्रकच्या चालकासाठी क्रम ठरलेला आहे: आधी किमान १५ मिनिटे, नंतर किमान ३०. चालक दोन तास गाडी चालवून ३० मिनिटे थांबला, पुढे अडीच तास चालवून १५ मिनिटे थांबला आणि पुन्हा निघाला, तर बेरीज ४५ होते आणि तरीही नियम मोडलेला असतो. दुसरी सुट्टी मोठी ठेवण्यामागचा हेतू उघड आहे: शीण चढलेला असताना विश्रांती जास्त मिळावी. हा काटेकोरपणा जाचक आहे असे कुणी म्हणेल, तर त्याने हेही लक्षात घ्यावे की अनपेक्षित अडचणीत सुरक्षित थांब्यापर्यंत जाण्यासाठी मर्यादा ओलांडायची मुभा आहे. तिथे पोहोचताच यंत्रातून छापील पट्टी काढून तिच्यावर कारण हाताने लिहायचे.

खासगीपणाची शंका मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. जून २०१९ पासून नव्या गाड्यांत आलेला ‘स्मार्ट’ टॅकोग्राफ ठिकाणही नोंदवतो, पण क्षणोक्षणी नव्हे: कामाच्या सुरुवातीला, शेवटी आणि एकूण चालवण्याचे दर तीन तास भरल्यावर. ऑगस्ट २०२३ नंतरच्या आवृत्तीत सीमा ओलांडणे आणि माल चढवणे-उतरवणे यांची भर पडली. रस्त्याकडेचा तपासनीस धावत्या गाडीतून दुरून जी माहिती वाचतो, ती बिघाड, छेडछाड किंवा मर्यादेबाहेर चालवणे यांचा संशय ओळखण्यापुरती असते; तेवढ्यावर आपोआप दंड लावता येत नाही. छेडछाड होतेच. गिअरबॉक्सवरच्या सेन्सरला लोहचुंबक लावून धावती गाडी उभी दाखवण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून नवी यंत्रे सेन्सरची नोंद हालचालीच्या दुसऱ्या स्वतंत्र स्रोताशी ताडून पाहतात. यंत्र थकवा मोजत नाही, तास मोजते, हे मान्यच. रात्री झोप न झालेला चालक पहिल्या तासालाच डुलकी घेऊ शकतो. पण निदान झोपेसाठी वेळ दिला होता की नाही, हे तरी त्यातून कळते.

आपल्याकडे तासांची मर्यादा नवी नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते, लांब पल्ल्यासाठी १० आणि ५४ पर्यंत सवलत देऊन. उणीव आहे ती मोजणीची. महाराष्ट्रातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी त्यासाठी युरोपीय यंत्राची वाट पाहू नये. प्रत्येक चालकाचे गाडी चालवण्याचे, माल चढवण्या-उतरवण्याचे आणि गोडाऊनबाहेर ताटकळण्याचे तास वेगवेगळे लिहून ठेवा, आणि पुढच्या फेरीची वेळ ठरवताना ती वही उघडून समोर ठेवा.