बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह

बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह हे यूएसबी केबलने संगणकाला जोडून डीव्हीडी तबकडी वाचण्याचे उपकरण आहे. अंगभूत ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर चित्रपट पाहण्यासाठी त्याचा उपयोग होतो. हे उपकरण तबकडीवरील माहिती केवळ वाचते; तिचे चित्र व ध्वनीत रूपांतर संगणकातील सॉफ्टवेअर करते. विंडोज ८ (२०१२) पासून ही सोय विंडोजमध्ये मुळात समाविष्ट नसल्याने व्हीएलसीसारखे प्लेअर वेगळे स्थापित करावे लागते. चित्रपटांच्या अनेक तबकड्यांवर प्रदेश-संकेत असतो. भारताचा संकेत ५, तर अमेरिकेचा १ आहे. ड्राइव्हमधील संकेत सामान्यतः ५ वेळाच बदलता येतो. त्यानंतर शेवटचा संकेत कायम होतो. त्यामुळे परदेशी तबकडीसाठी तो बदलण्यापूर्वी शिल्लक बदलांची संख्या पाहणे आवश्यक असते.