दादरा-नगरहवेली : सरंजामातून उभा राहिलेला सार्वभौमत्वाचा दावा

दमणगंगेच्या खोऱ्यात, आजच्या पालघर आणि वलसाड जिल्ह्यांच्या वेशीवर वसलेला दादरा-नगरहवेलीचा सुमारे 491 चौरस किलोमीटरांचा मुलूख समुद्राला कोठेही भिडत नाही; तरीही 1951 साली पोर्तुगालने राज्यघटनेत बदल करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले, तेव्हा गोवा, दमण आणि दीव यांच्याबरोबर हा आदिवासींचा प्रदेशही लिस्बनच्या लेखी पोर्तुगालचा भाग ठरला.

या दाव्याचे मूळ पेशवाईत आहे. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांची मैत्री टिकवणे पुणे दरबाराला आवश्यक वाटत होते, आणि 17 डिसेंबर 1779 च्या तहानुसार दमणलगतच्या गावांमधून वार्षिक 12,000 रुपयांचे उत्पन्न त्यांना देण्याचे ठरले. त्याच्या अंमलबजावणीसाठी 1783 आणि 1785 मध्ये गावे नेमून देण्यात आली. हे दान सरंजामाच्या स्वरूपाचे होते. सरंजाम म्हणजे एखाद्या प्रदेशाचा महसूल घेण्याचा अधिकार, ज्यात भूमीवरील सार्वभौम सत्ता दात्याकडेच राहते. परंतु 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांना तेथे पोर्तुगीजांचा एकछत्री अंमल आढळला आणि त्यांनी तो व्यवहारात मान्य केला, त्यामुळे महसुलाच्या हक्काला हळूहळू राज्याचे रूप आले.

स्वातंत्र्यानंतर चारी बाजूंनी भारताने वेढलेला हा प्रदेश मुक्त करण्यासाठी वेगवेगळ्या विचारांचे लोक पुढे सरसावले. फ्रान्सिस मास्कारेन्हास यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने जुलै 1954 मध्ये दादरा मुक्त केले. त्यानंतर आझाद गोमांतक दल आणि महाराष्ट्रातून आलेले स्वयंसेवक यांनी नरोली घेऊन 2 ऑगस्ट रोजी सिल्वासा जिंकले. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवचरित्रकार म्हणून ख्यातनाम झालेले बाबासाहेब पुरंदरे हे या लढ्यात होते, तर कम्युनिस्ट कार्यकर्तेही दुसऱ्या आघाडीवर पोर्तुगीजांविरुद्ध लढत होते.

भारताने आपल्या हद्दीतून वाट नाकारल्यामुळे पोर्तुगीज सैन्य तेथे पोहोचू शकले नाही, आणि डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने 1779 च्या तहाने सार्वभौमत्व दिले नव्हते हे मान्य केले, मात्र इंग्रजांनी आणि नंतर भारताने पोर्तुगालची सत्ता गृहीत धरली होती, असेही नमूद केले. सामान्य प्रवासी, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी मार्गाचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निर्णय त्याने दिला.

मधल्या काळात प्रदेशाचा कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. 1961 मध्ये विलीनीकरणाचा ठराव झाल्यावर करारावर सही करण्याइतका अधिकार असलेली व्यक्ती हवी म्हणून प्रशासकीय सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसासाठी तेथील पंतप्रधान नेमण्यात आले. त्यांनी जवाहरलाल नेहरूंसोबत करार केला, आणि घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने 11 ऑगस्ट 1961 पासून दादरा-नगरहवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. पोर्तुगालने मात्र ही वस्तुस्थिती 1974 मध्ये, तेथील हुकूमशाही कोसळल्यानंतरच मान्य केली. 26 जानेवारी 2020 रोजी हा प्रदेश दमण-दीवशी एकत्र जोडण्यात आला.

पुणे, लिस्बन, लंडन आणि हेग यांनी या भूमीविषयी जे ठरवले, ते महसूल, ताबा आणि मार्ग यांच्या भाषेत ठरवले. ज्यांच्या श्रमातून तो महसूल निघत होता, त्या वारली, कोकणा, धोडिया आणि काथोडी समाजांचे म्हणणे त्या व्यवहारांत कोणी विचारात घेतले नाही. या प्रदेशाची खरी ओळख मात्र त्यांच्याच भाषांत, भातशेतीत आणि देवदेवतांत आहे, आणि पालघरच्या वारली पाड्यांशी असलेले त्याचे नाते कोणत्याही सरहद्दीपेक्षा जुने आहे. म्हणूनच मुक्तिलढ्याचे मोल केवळ परकी ध्वज उतरवण्यात शोधणे अपुरे ठरते. जमीन, जंगल आणि शिक्षण यांवरील आदिवासींचा हक्क ज्या प्रमाणात बळकट होईल, त्या प्रमाणातच 1954 चे काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.